झाडाच्या भल्यासाठी

"अगं, एवढं छान वाढलं होतं, कापलंस कशाला?" मावशीने विचारलं तेव्हा माझा हात कोपराच्याही वरपर्यंत माशांच्या टाकीत होता, बाही खांद्याशी गुंडाळलेली आणि पायाशी बादलीत शेंड्यांचा हिरवा-तांबडा ढीग. "झाडाच्या भल्यासाठी असतं ते, मावशी," मी म्हटलं. "असं होय," म्हणून ती पुन्हा पेपरात शिरली. तिच्यापुरता विषय संपला. माझा मात्र तिथे सुरू झाला, कारण ते वाक्य माझ्या तोंडून फारच सराईतपणे निघालं होतं. छाटणी करणारे सगळेच ते म्हणतात, बागेतले म्हणतात, टाकीतले म्हणतात, आणि इतक्यांदा म्हणतात की त्याची शहानिशा कुणी करत नाही. रात्री टाकीचा दिवा मालवताना ते परत टोचलं. झाडाचं भलं म्हणजे नेमकं काय, आणि ते मला कळतं हे कुणी ठरवलं?

खरं सांगायचं तर कात्री हातात घेतली त्याचं कारण झाड नव्हतंच. मासे दिसत नव्हते.

पाण्यातली वाढ डोळ्यांदेखत होते आणि तरी लक्षात येत नाही. माझ्या टाकीतली रोटाला ही पाणवनस्पती आधी सरळ वर जाते. पृष्ठभागाला डोकं टेकलं की आडवी होते आणि दिव्याच्या अगदी खाली पसरत राहते. तिथे प्रकाश भरपूर, म्हणून शेंड्याची पानं गुलाबी, काही अगदी लाल. हे वरचं वैभव खालच्या पानांच्या जिवावर असतं. तळाशी उजेड पोचेनासा होतो. तिथली पानं आधी पिवळी पडतात, मग पारदर्शक होतात, मग नुसत्या शिरा उरतात आणि बोट लावलं की विरघळतात. शेवटी वाळूतून वर आलेली तपकिरी, उघडी खोडं तेवढी राहतात आणि त्यांच्या मधे साचलेला गाळ, कारण एवढ्या दाटीतून पाणीही नीट फिरत नाही. सडत्या पानांतून अमोनिया सुटतो. दिवा बंद झाला की ही सगळी हिरवाई प्राणवायू द्यायची थांबते आणि माशांच्या बरोबरीने तोच वापरायला लागते. पृष्ठभाग पानांनी झाकलेला असेल तर हवेतून नवा विरघळायलाही अडचण. पहाटे मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करताना दिसले तर समजावं की उशीर झालाय. म्हणजे छाटायला कारणं आहेत आणि चांगली भक्कम आहेत. फक्त त्या दिवशी त्यांतलं एकही लागू नव्हतं. पाणी नितळ होतं, मासे आपापल्या जागी होते. मला खुर्चीत बसून बघायला काही उरलं नव्हतं, एवढंच.

कात्री पाण्यात शिरते तेव्हा आधी डोळेच दगा देतात. पृष्ठभागाशी ती मोडल्यागत दिसते. समोरच्या काचेतून तर सगळंच असतं त्यापेक्षा जवळ भासतं, साधारण पाऊण अंतरावर; नजर म्हणते इथे काप आणि हात म्हणतो अजून पुढे जा. म्हणून लांब दांड्याची, टोकाशी वाकलेली कात्री घेतली तरी सुरुवातीची काही कापं हमखास भलतीकडे बसतात. मग सवय होते. हात डोळ्यांचं ऐकणं सोडतो आणि चाचपून पेर शोधतो, खोडावर जिथून पानं फुटतात ती किंचित जाड जागा. तिच्या जरा वर कात्री ठेवायची. कापल्याचा आवाज काचेतून अगदी बारीक येतो, कानाला नव्हे तर बोटांना ऐकू आल्यासारखा. दिवा लागून बराच वेळ झालेला असला तर त्याच क्षणी कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर जाऊ लागते. शाळेत नरसाळ्याखाली ठेवलेली हायड्रिला आठवते ना, तेच. पाणवनस्पतींच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, दिवसभर तयार झालेला प्राणवायू त्यांत दाटलेला असतो आणि आपण वाट करून दिली की तो निघतो. झाड जोमात असल्याची ही खूण आहे हे मला माहीत आहे. तरी जखमेतून काहीतरी वाहतंय असंच दरवेळी वाटतं, आणि ती रेघ थांबेपर्यंत मी पुढचं खोड कापत नाही. याला काही अर्थ नाही. असो.

शेंडा बाहेर काढला की त्याचा सगळा रुबाब जातो. पाण्यात एकेक पान पसरून ताठ उभी असलेली लिम्नोफिला तळहातावर ओल्या फडक्यासारखी लोळते. पाण्यानेच तोलून धरलेलं असताना खोड टणक करण्यात शक्ती कशाला घालवायची, असा तिचा सरळ हिशेब. पानंही इतकी पातळ की पंख्याखाली थोडा वेळ राहिली तर कडेने सुरकुततात. वास येतो तो भिजल्या मातीचा आणि त्यात मिसळलेला कच्च्या पाल्याचा. हात दोनदा धुतला तरी नखांपाशी राहतो. मला तो आवडतो. घरातल्या इतरांचं मत वेगळं आहे.

पण मूळ प्रश्न राहिला, भल्याचा. छाटणीची बाजू घेणारे शेंड्याची गोष्ट सांगतात. शेंडा असेपर्यंत खालचे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले अंकुर, झोपलेले राहतात, शेंडा खुडला की ते फुटतात, एकाच्या जागी दोन फुटवे येतात आणि झाड भरदार होतं. हे खरंच आहे. यामागचं शास्त्रही मोठं रंजक आहे. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या त्यांच्या पुस्तकात गवताच्या कोवळ्या कोंबांचे प्रयोग मांडले. कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वळतच नाही, म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असणार. तो निरोप नेणारं द्रव्य १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंटने ओटच्या कोंबांतून वेगळं केलं. पुढे त्याला ऑक्सिन म्हणू लागले. १९३० च्या दशकात थिमान आणि स्कूग यांनी शेंडा छाटलेल्या रोपाच्या कापावर ऑक्सिन लावून पाहिलं, तर खालचे डोळे झोपलेलेच राहिले. बराच काळ गोष्ट इथेच थांबलेली होती: शेंडा हुकूम सोडतो, बाकीचे ऐकतात. मग २०१४ मध्ये वाटाण्याच्या रोपांवरचं एक संशोधन आलं आणि त्यात निराळंच दिसलं. शेंडा छाटल्यावर ऑक्सिन कमी झाल्याची बातमी खाली पोचायच्या आतच डोळे हलू लागतात. कारण शेंडा हा सगळ्यांत जास्त साखर ओढणारा. तो गेला की ती साखर बगलेतल्या डोळ्यांपर्यंत येते आणि ते आधी तिनेच जागे होतात. म्हणजे इतके दिवस जे आज्ञापालन वाटत होतं ती निदान सुरुवातीला तरी उपासमार होती.

ही गोष्ट वाचल्यापासून "भरदार झाड" बघण्याची माझी नजर थोडी बदलली. दोन फुटवे येतात ते झाडाला आनंद झाला म्हणून नव्हे. गेलेल्याची भरपाई चाललेली असते, आणि ती दुप्पट उत्साहाने चाललेली दिसते म्हणून आपण तिला तब्येत म्हणतो.

याहून अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. टाकीत आपण ज्यांना पाणवनस्पती म्हणतो त्यांतल्या कितीतरी मुळात दलदलीच्या, काठावरच्या. रोटाला, हायग्रोफिला, लुडविगिया, बकोपा या सगळ्यांना दोन जन्म जगता येतात. पाणी चढलं की त्या बुडतात आणि बुडून वाढायला लागतात, पानं पातळ आणि मऊ करतात. पाणी उतरलं की हवेत उभ्या राहतात, पानं जाड होतात, खोड ताठ होतं आणि मग फुलं येतात. रोपवाटिकेतून आणलेली रोपं बहुतेकदा हवेत वाढवलेली असतात, म्हणूनच टाकीत लावल्यावर सुरुवातीला जुनी पानं गाळतात आणि नवखा माणूस घाबरतो. तर या झाडाच्या दृष्टीने पाण्याखालची सगळी धडपड ही पाण्याबाहेर पडण्याची आहे. वर जायचं, पृष्ठभाग फोडायचा, हवेत शेंडा काढायचा, फुलायचं. टाकीत पाणी कधी उतरत नाही. तिथे बाराही महिने पूरच असतो. ते बिचारं वर चढून काठाशी पोचतं, आणि नेमकं तिथे, पृष्ठभागाच्या चार बोटं खाली, मी कात्री लावते. परत चढतं. परत लावते.

आणि वर म्हणते, तुझ्या भल्यासाठी.

म्हणून छाटू नये, असं मला म्हणायचं नाही. नदीत कात्री नसते, पण पूर असतो, जो अख्खे झुपके उपटून नेतो. पानं खाणारे मासे असतात, पाण्यात उतरणारी जनावरं असतात, पाणी आटणं असतं. काचेच्या पेटीत यांतलं काहीच येत नाही, तेव्हा त्यांचं काम कुणीतरी करायलाच हवं. ते माझ्याकडे आलंय आणि ते मी करते, हे मला मान्य आहे. पण पूर आपण कुणाच्या भल्यासाठी आलो असं सांगत फिरत नाही.

हा पेच नवा नाही याची मला गंमत वाटते. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला: काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचं एक रोप. मासा आणि वनस्पती एकमेकांना पुरतात का, हे त्याला बघायचं होतं. पुरले. पण थोड्याच दिवसांत व्हॅलिसनेरियाची जुनी पानं सडू लागली, पाणी गढुळलं, काचेवर शेवाळ धरलं. वॉरिंग्टनने मग तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं आणि शेवाळ फस्त केलं, त्यांची अंडी-पिल्लं माशांच्या पोटात गेली आणि भांडं पुन्हा स्वच्छ झालं. संतुलित मत्स्यालयाची गोष्ट सगळे इथून सुरू करतात. मला त्यातलं हे सडकं पानच जास्त जवळचं वाटतं. मत्स्यालय या कल्पनेचं वय आणि त्यातली पानं आवरण्याच्या कटकटीचं वय जवळजवळ सारखंच निघतं.

गोगलगायींकडून कात्रीकडे येईपर्यंत मधे बराच काळ गेला. डच लोकांनी टाकीत झाडांच्या रांगा लावल्या, पुढे बुटकी, मागे उंच, रंगाशेजारी उलटा रंग, प्रत्येक गटाची उंची आखून दिल्यासारखी. त्या टाक्या राखायला लागणारे कष्ट मला कळतात, त्याबद्दल आदरही आहे, पण बघताना माझीच पाठ ताठ होते. जपानच्या ताकाशी अमानोंनी याच्या उलट वाट काढली. ते छायाचित्रकारही, वर्षावनांत मोठाले कॅमेरे घेऊन फिरलेले, आणि त्यांच्या टाक्या कुणी हात न लावलेल्या जंगलाचा तुकडा उचलून आणल्यागत दिसतात. अर्थात हात लावलेला असतोच, भरपूर लावलेला असतो. कुठल्या शेंड्याने आधी वर यावं आणि कुठल्याने मागे राहावं हे कात्रीनेच ठरवलेलं असतं. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी केलेली टाकी ४० मीटर लांब आहे, १,६०,००० लिटर गोड्या पाण्याची. ती २०१५ च्या वसंतात लोकांसाठी उघडली आणि त्याच ऑगस्टमध्ये अमानो गेले. चित्रकार गेला तर चित्र आहे तसं भिंतीवर राहतं. इथे कर्ता गेला त्या दिवशीही झाडं वाढतच होती, आणि आठवडाभर कुणी कात्री लावली नसती तरी रूप बदललं असतं. आता जे बघायला मिळतं त्यात अमानोंचं किती आणि पुढच्या हातांचं किती, हे कुणी कसं वेगळं करणार? मला वाटतं, आपलं काम असं पुढे दुसऱ्यांच्या हातून कापलं जाणार हे ठाऊक असूनही ते करणारा माणूस धीटच म्हणायचा.

माझी टाकी तेवढी थोर नाही. पण छाटणीनंतर तिच्यात काय होतं हे बघण्यात माझी संध्याकाळ जाते. आधी उजेड. जिथे हिरवा काळोख होता तिथे एकदम पांढरा झगझगीत तळ दिसतो आणि त्यावर खोडांचे सोट. निऑन टेट्रा, जे एरवी टाकीभर विखुरलेले असतात, ते एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहतात, अंगावरची निळी रेघ फिकी पडलेली. कुहली लोच, जो मेला असावा असं धरून मी मनातल्या मनात त्याचं सुतकही फेडलं होतं, तो झुडपाच्या बुडातून बाहेर आला, चांगला जाडजूड होऊन. निशाचर मासा तो, त्या दुपारी मात्र भर उजेडात काचेला लागून वर-खाली फिरत राहिला. ज्या गचपणाला मी अव्यवस्था म्हणत होते ती त्याची व्यवस्था होती, आणि तिथे तो माझ्या नजरेआड मजेत वाढला होता. मला मासे दिसायला हवे होते. ते दिसले, आणि दिसले ते असे.

छाटणी एका दमात करू नये असं जुने टाकीवाले सांगतात ते उगाच नाही. माशांचा आडोसा हे एक कारण. दुसरं असं की पाण्यातला अमोनिया, नायट्रेट ही झाडं शोषत असतात. निम्मी पानं एकदम गेली की खाणारी तोंडं कमी होतात, उजेड मात्र वाढतो, आणि ही मेजवानी शेवाळाला मिळते. काचेवर हिरवी झिलई आली की समजायचं कात्रीचा हात सैल सुटला होता. सगळ्या झाडांना एक नियमही चालत नाही. रोटाला-हायग्रोफिलाचे शेंडे कापून तेच परत वाळूत खोचले तरी पेरातून मुळं फुटतात. क्रिप्टोकोरीनची बाहेरची म्हातारी पानं बुडापासून काढावीत, तिला हलवलं तर रुसून सगळी पानं विरघळवते आणि कधीतरी आपली आपण परत येते. अनुबियास इतका सावकाश वाढतो की त्याच्यावर कात्री चालवणं म्हणजे चेष्टाच. आणि जावा मॉस छाटण्याआधी फिल्टर बंद करायचं विसरलं तर त्याचे तुकडे पुढे कुठेकुठे उगवतील याचा नेम नाही.

मग उरते बादली. ती लगेच ओतायची नसते. शेंड्यांत बारीक झिंगे अडकलेले असतात, गोगलगायी असतात, एखादं नखाएवढं पिल्लूही. म्हणून प्रत्येक मूठ टाकीच्या पाण्यात हलवून झटकायची आणि बादली तशीच काही वेळ ठेवून तळाशी कोण हलतंय ते बघायचं. या कामात मी सगळ्यांत जास्त काळजी घेते, आणि ते मला जरा विचित्रही वाटतं: झाड कापताना न विचारणारी मी झिंग्याच्या पोरासाठी पाऊण तास पाठ वाकवून बसते. नंतर त्या शेंड्यांचं काय? ज्यांना हवे त्यांना देते. उरलेले उन्हात पूर्ण वाळवून मातीत मिसळते. नदीत, ओढ्यात, तळ्यात मात्र एक काडीसुद्धा नाही. शाळेतली ती साधीसुधी हायड्रिला १९५० च्या दशकात टाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथून सुटली. एका पेराचा तुकडा नवं झाड उभं करायला पुरतो, आणि गाळात दडलेले तिचे कंद वर्षानुवर्षं तग धरतात. तिथले जलमार्ग मोकळे ठेवायला अजून पैसे खर्च होताहेत. आपल्याकडची हायग्रोफिला पॉलिस्पर्माही अमेरिकेच्या घातक तणांच्या यादीत जाऊन बसली आहे. जे टाकीत माझ्या कात्रीखाली इतकं गरीब वाटतं, त्याला दुसरीकडचं मोकळं पाणी मिळालं की ते कुणालाच विचारत नाही.

मावशीच्या प्रश्नानंतर मी एक बदल केला. डाव्या मागच्या कोपऱ्याला कात्री लावायची नाही असं ठरवलं. तिथे व्हॅलिसनेरिया आहे, वॉरिंग्टनवालीच. तिची लांब पट्टीसारखी पानं कापली की कापाची कड तपकिरी होते, त्यामुळे तशीही ती कापून घेण्यात फार उत्साही नसते. ती वाढली, पृष्ठभागावर वळली, अर्धी टाकी ओलांडून आली. आणि एके दिवशी पानांच्या मधून एक अगदी बारीक फिकट दोरा वर येताना दिसला. मला आधी शेवाळाचा तंतू वाटला. तो मादी फुलाचा देठ होता. वर पोचून पाण्याला टेकून एक इवलंसं फूल उमललं. या झाडात नर-मादी वेगळे. नराची फुलं तळाशी सुटतात आणि तरंगत येऊन मादीच्या फुलाला लागतात, मग तिचा देठ स्प्रिंगसारखा वळत फळाला खाली ओढून नेतो. माझ्याकडे ते होणार नाही. माझी सगळी व्हॅलिसनेरिया एकाच रोपाच्या धावत्या फुटव्यांतून आलेली, म्हणजे सगळ्या माद्याच. फूल काही दिवस राहिलं आणि गेलं. तरी ते आलं होतं, कारण तेवढ्या जागेत मी काही केलं नव्हतं.

आता त्या कोपऱ्याची अडचण झाली आहे. पानं फिल्टरच्या जाळीत शिरून पाण्याची धार निम्म्यावर आली, पंप कण्हायला लागला. एक छोटीशी छाटणी केली की प्रश्न मिटत होता, आणि या वेळी कारणही चोख होतं, प्रवाहाचं, माशांच्या श्वासाचं. कात्री काढून ठेवलीही होती. मग अर्धी टाकी रिकामी केली, नळ्या सोडवल्या आणि फिल्टर उजवीकडे नेऊन बसवला. तिकडे रोटाला आहे, तिला सवय आहे.